टाचणीला बाहेर काढलं, तो सामना

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा बरे आहात ना, आणि मी बरा आहे म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. नेहमीचंच. तुम्हा मायलेकींचा फोन म्हणजे अर्धा तास, माझा म्हणजे एक 'हं' आणि एक 'बरं'. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, पोरीने विचारलं तर दोन वाक्यं तरी बोलायची. मी म्हटलं, दोन वाक्यांत मावणारं नाहीये. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून काउंटरवरच लिहायला बसलोय. या वेळी तसंही कोणी येत नाही. आलंच कोणी तर आधी त्याचे बूट दिसतील, मग बघू.

दुकान बरं चाललंय. डोळे तपासायचा तक्ता बदलायला झालाय. जुन्या गिऱ्हाइकांना त्यावरची अक्षरं पाठ झालीत, डोळे मिटूनही शेवटची ओळ म्हणून दाखवतात आणि वर म्हणतात, बघा, नंबर वाढलेला नाही. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. डॉक्टरांनी जिना कमी करा सांगितलं, तर ती डॉक्टरांनाच म्हणाली, मग घर खाली आणून द्या. म्हणजे तीही बरी आहे.

आपला फुटबॉलचा संघ घसरला हे तुला कळलंच असेल. टीव्हीवर दाखवलं, पेपरात पहिल्या पानावर आलं. पुढच्या वर्षी आपण खालच्या लीगमध्ये, ज्या गावांना बस कुठून जाते हेही मला ठाऊक नाही अशा गावांच्या संघांशी खेळणार. मी शाळेत होतो तेव्हापासून हा संघ बघतोय. हरताना तर पोटभर बघितलाय. पण हरणं वेगळं आणि घसरणं वेगळं. हरलं की माणूस चिडतो, दोन दिवस जेवणावर राग काढतो, तोवर पुढचा सामना येतो. घसरल्यावर सगळं उन्हाळाभर तसंच छातीवर बसून राहतं. तू लहानपणी माझ्या कोटात शिरून बसायचीस आणि दर थोड्या वेळाने विचारायचीस, यातले आपले कुठले? डाव्या हाताला बसलेला माझा दोस्त, ज्याला सगळं स्टँड रेडिओ म्हणतं, तुला सांगायचा, जे पडतायत ते आपले. पोस्टातून निवृत्त झाला तरी त्याचं तोंड काही निवृत्त झालेलं नाही. सामना समोर चाललेला असतो आणि हा आम्हाला तो सांगत असतो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून माझा डावा कान बधिर झालाय, असं मी तुझ्या आईला सांगतो. ती म्हणते, उजवा कुठे चालतोय.

कोच पहिल्यांदा दुकानात आला तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तेव्हा तो ज्युनियरच्या पोरांना शिकवायचा. सरावात कुणाचा तरी चेंडू तोंडावर बसला होता आणि चष्म्याचे दोन तुकडे दोन हातांत घेऊन तो दारात उभा होता. आत येऊन त्याने अदबीने नमस्कार केला तो जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला. तू काउंटरमागे तोंडात ओढणी कोंबून हसत होतीस. मी त्याचे डोळे तपासले आणि मनात म्हटलं, एवढा जाड नंबर घेऊन हा माणूस मैदानावर काय बघत असेल. नंतर तो दर पंधरा दिवसांनी फ्रेमचा स्क्रू ढिला झाला म्हणून यायला लागला. मी स्क्रू घट्ट करून करून त्याचे आटे झिजवले, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. तो तुझ्या आईच्या पडला.

तुमच्या लग्नानंतर त्याला मोठ्या संघाचा हेड कोच केलं, तेव्हा स्टँडात लोक मला वाट करून द्यायला लागले. इतकी वर्षं मी नुसता चष्मेवाला होतो, आता कोचचा सासरा झालो. रेडिओ तर येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायचा, जणू दोन गोल मीच मारलेत. आणि पोरी, तेव्हा तो संघ खेळायचाही असा, की डोळ्याचं पारणं फिटावं. चेंडू मिळाला की सगळे पुढे. उजव्या बाजूने तो काटकुळा पोरगा सुटायचा, ज्याला आम्ही सगळे टाचणी म्हणतो. ज्युनियरमधून त्याला कोचनेच उचललं होतं. समोरच्या दोघांच्या मधून तो असा निघून जायचा, की त्यांना टोचल्यावरच कळायचं. आम्ही गोल खायचोही भरपूर, पण एक खाल्ला तर दोन मारू अशी मस्ती होती. सामना संपल्यावर घसे बसलेले असायचे आणि घरी पायी जावंसं वाटायचं.

मग ते वर्ष आलं. आपल्या घरात त्याला 'ते वर्ष' एवढंच म्हणतात आणि कुणी पुढे बोलत नाही. मीही आत्ता पुढे जात नाही, जरा थांबतो. आधी फुटबॉलचं सांगतो, ते मला जमतं.

त्या वर्षापासून आपला संघ मागे मागे सरकत गेला. आधी चार बचावपटू होते त्याचे पाच झाले. मधल्या फळीतल्या पोरांना सांगितलं असावं की मैदानाची मधली रेघ म्हणजे विजेची तार आहे, शिवायची नाही. चेंडू मिळाला की मागे, मागून आणखी मागे, शेवटी गोलकीपरकडे. रेडिओ म्हणायचा, सगळ्यात जास्त खेळतो तो आपला गोलकीपर, त्यालाच कॅप्टन करा. एक गोल मारला की आम्ही दाराला कडी लावून बसायचो आणि समोरचे दार ठोठावत राहायचे. शेवटच्या घटकेला कडी निघायचीच. किती सामने असे घालवले असतील. घरातून निघतानाच मला ठाऊक असायचं काय होणार ते, तरी निघायचो. सवय म्हण, वेड म्हण.

स्टँडात लोकांनी आधी कुजबुज केली, मग जोक केले, मग शिव्या दिल्या. सासऱ्याचं दुकान चष्म्याचं आणि जावयाला गोलपोस्ट दिसत नाही, हा जोक कुणी पहिल्यांदा केला माहीत नाही, पण मी तो इतक्यांदा ऐकलाय की मीच केला असावा असं वाटतं. मी शिव्या दिल्या नाहीत, ठकू. दिल्या नाहीत म्हणजे तोंडाने दिल्या नाहीत. सोमवारी तुम्ही दोघं जेवायला यायचात तेव्हा मी टेबलावर संघ मांडायचो, आठवतं? मिठाची बरणी म्हणजे आपला स्ट्रायकर. मी त्याला विचारायचो, ही बरणी इथे एकटी काय करतेय, हिच्या जोडीला कोणी नको? तो हसून बरणी उचलायचा आणि स्वतःच्या ताटाजवळ मागे आणून ठेवायचा. तुझी आई म्हणायची, मीठ एका जागी राहू द्या, मला लागतंय. तू मात्र त्या वर्षानंतर टेबलावर बोलत नव्हतीस. ताटातलं इकडचं तिकडे करायचीस आणि खिडकीबाहेर बघायचीस. मी बरणी सरकवत बसायचो. मला दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

मग तू बॅग भरून आमच्याकडे आलीस, आणि आमच्याकडूनही त्या दूरच्या शाळेतली नोकरी धरून निघून गेलीस. सोमवार बंद झाले. तुझ्या आईच्या तोंडचा 'जावई' तेव्हापासून 'तो माणूस' झाला. तो एकदोनदा दारात आला, तर आई आतल्या खोलीत जाऊन बसली. मला तोंड द्यावं लागलं. मी हवापाण्याचं बोललो, तो हवापाण्याचं बोलला. तोही मग यायचा थांबला. मी त्याला फक्त मैदानावर बघायचो, लांबून, बाकासमोर फेऱ्या घालताना. एकदा पाऊस पडत होता आणि त्याने चष्मा पुसायला काढला, तेव्हा तो मला अगदी पहिल्या दिवसासारखा दिसला. त्याच सामन्यात आम्ही तीन गोलांनी हरलो आणि मी ती दया बाजूला ठेवली.

आता शेवटच्या सामन्याचं सांगतो. जिंकलो तर वर राहणार, नाहीतर खाली. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि सांगू का, पोरं खेळली. पहिल्या अर्ध्यातच टाचणीने उजवीकडून तिघांना चुकवून चेंडू आत घातला आणि बरणीने, म्हणजे आपल्या स्ट्रायकरने, डोक्याने मारला. रेडिओने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा पुढच्या बाईच्या मांडीवर. हाफटाइमनंतरही टाचणी थांबत नव्हता. त्याच्या बाजूला समोरच्यांचे दोन-दोन जण अडकून पडले होते, त्यामुळे त्यांना पुढे येताच येत नव्हतं. मी रेडिओला म्हटलं, आज होतंय. तो पहिल्यांदाच गप्प होता. दृष्ट लागेल म्हणून बोलत नव्हता.

आणि मग खेळाडू बदलायची पाटी वर गेली. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिली असतील. कोचने टाचणीला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी आणखी एक बचावपटू आत पाठवला.

आधी कुणाला खरंच वाटेना. लोक एकमेकांकडे बघत होते. टाचणी धावतच बाहेर आला, कुणाशी हात न मिळवता थेट स्टँडखालच्या बोगद्यातून आत गेला. आम्हाला वाटलं, रागाने गेला. मग सगळं मैदान उभं राहिलं. जे ओरडले ते मी तुला लिहिणार नाही. मीही उभा राहिलो. ओरडलो नाही, पण मुठी आवळून उभा राहिलो. मनात म्हणत होतो, अरे भित्र्या. समोरच्यांचे ते अडकलेले दोघं मोकळे झाले आणि व्हायचं तेच झालं. शिट्टी वाजायला दोन श्वास उरले असताना, त्याच बाजूने चेंडू आला आणि गोल झाला. बरोबरी. खाली.

कोणी हललं नाही. एक म्हातारा माझ्या पुढे मफलर तोंडावर धरून रडत होता. रेडिओ माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या घरातला माणूस आहे. एकदा तरी सांगायचं होतंस त्याला." आणि उठून गेला. मी स्टँड रिकामा होईस्तोवर बसून राहिलो. झाडूवाली माणसं आली तेव्हा उठलो.

दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. मला बरं वाटलं, ठकू. इतकी वर्षं वाटत होतं याने जावं, आणि तो गेला. मी काचा घासत होतो आणि स्वतःशी शीळ घालत होतो. दुपारी दारात सावली पडली. बघतो तर तो. हातात एक बॅग, दाढी वाढलेली. क्लबने दिलेली जागा सोडायला सांगितली होती आणि कुणीतरी त्याच्या दारावर काळा रंग फेकला होता. त्याने काही मागितलं नाही. म्हणाला, फ्रेमचा स्क्रू ढिला झालाय. मी त्याच्या हातातून चष्मा घेतला. स्क्रू अगदी घट्ट होता. तरी मी बराच वेळ तो फिरवत बसलो, कारण वर बघितलं असतं तर काय बोललो असतो कोण जाणे. मग दुकान बंद केलं आणि त्याला घरी घेऊन गेलो.

तुझ्या आईने दार उघडलं, बॅगेकडे बघितलं आणि आत गेली. मला वाटलं आता ती काही बाहेर येत नाही. पण थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवलं आणि परत गेली. शब्द नाही. रोज तसंच. दोन वेळा ताट यायचं, तो जेवून ताट घासून ठेवायचा, ती ते पुन्हा घासायची. तुझ्या खोलीत त्याची झोपायची सोय केली. तुझ्या वस्तूंना त्याने हात लावला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. खुर्चीवर तुझा जुना स्वेटर होता, तो तिथेच होता. तो त्या खुर्चीवर बसायचा नाही, जमिनीवर बसायचा.

पहिल्याच संध्याकाळी मी त्याला विचारलं. फुटबॉलचा माणूस म्हणून विचारलं, सासरा म्हणून नाही. टाचणीला का काढलंस? तो म्हणाला, "निर्णय माझा होता, बाबा." बस. मी म्हटलं, तुझा होता हे आख्ख्या गावाला माहीत आहे, का ते विचारतोय. तो ताट घासायला उठला. माझं डोकं फिरलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे घरात तिघं माणसं आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तुझी आई माझ्यावर चिडलेली, त्याला आणलं म्हणून. मी त्याच्यावर. तो कुणावरच नाही. तो सकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचा आणि मागच्या बाजूला बसून काचा पुसायचा. एका गिऱ्हाइकाने त्याला ओळखलं आणि तयार चष्मा न घेताच निघून गेला.

मग मागच्या आठवड्यात टाचणी घरी आला. दुपारची वेळ होती. बरोबर त्याची बायको, अगदी पोरसवदा, चेहरा उतरलेला, आणि तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मला वाटलं भांडायला आलाय. त्याने कोचच्या पायाला हात लावला. कोच मागे सरकला, अरे अरे म्हणाला, आणि त्या बाळाकडे बघेना. भिंतीकडे बघत होता. टाचणीनेच सगळं सांगितलं, कोच त्याला गप्प कर गप्प कर म्हणत असताना.

त्या दिवशी सामना चालू असताना दवाखान्यातून फोन आला होता. त्याच्या बायकोचे दिवस भरले नव्हते आणि अचानक बिघडलं होतं. आई आणि बाळ यांतलं कोण राहील सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. क्लबच्या माणसाने तो निरोप चिठ्ठीवर लिहून बाकापर्यंत आणला. कोचने वाचला आणि पुढच्याच मिनिटाला पाटी वर करायला सांगितली. पाटी वर जायच्या आधी टाचणीला रेघेजवळ बोलावून सांगितलं, तर तो पोरगा म्हणाला, सर, एवढा सामना संपवून जातो, वीस मिनिटांचा प्रश्न आहे. कोच म्हणाला, "सामने पुष्कळ होतील. तू जा. धावत जा." क्लबची गाडी बाहेर उभी करून ठेवली होती. तो किट न बदलताच दवाखान्यात पोहोचला. बायकोने त्याचा हात धरला होता आणि सोडत नव्हती, असं सांगताना तो पोरगा थांबला आणि ती मुलगी पुढचं बोलली. म्हणाली, हे आले नसते तर मी धीर सोडून दिला असता.

मी कोचला विचारलं, मग हे गावाला सांगायला काय झालं होतं? एवढा काळा रंग, एवढ्या शिव्या. तो म्हणाला, "त्या पोरीचा काय दोष, बाबा? लोक जन्मभर म्हणतील, हिच्यापायी आपण घसरलो." ती पोरगी म्हणजे ते बाळ. मुलगी झालीय त्यांना.

ठकू, आता ते वर्ष. तू दवाखान्यात होतीस आणि आईने क्लबच्या ऑफिसात पुन्हा पुन्हा फोन केला. कोचचाच नियम होता की सामना चालू असताना बाकावर फोन नाही आणि बाहेरचा निरोपही नाही. संघ बाहेरगावी जिंकत होता आणि निरोप ऑफिसातच पडून राहिला, शिट्टी वाजेपर्यंत. तो आला तेव्हा सगळं संपलेलं होतं आणि तू भिंतीकडे तोंड केलेलं होतंस. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तो माझ्यासमोरून आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर आला. गळ्यात अजून क्लबचं कार्ड लटकत होतं. नियम दुसऱ्या कुणाचा असता तर त्याला कुणावर तरी चिडता आलं असतं. त्याला तेवढीही सोय नव्हती. तू त्याला क्षमा केली नाहीस, आणि मी तुला कधी कर म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. तुझं दुःख तुझं आहे. पण क्लबच्या माणसाने परवा मला सांगितलं, दुसऱ्याच आठवड्यात कोचने तो नियम बदलला होता. कुणाच्याही घरून काहीही निरोप आला, तर सामना कुठलाही असो, तो मला आणून द्यायचा.

बाळ घेऊन ते दोघं बसले होते तेव्हा टाचणीच्या बायकोने ते कोचच्या हातात दिलं. त्याने नको म्हटलं, पण तिने ठेवलंच. तो असा ताठ बसला, जणू काचेचं काही दिलंय. दोन्ही हात अवघडलेले. आणि तुझी आई आतून बाहेर आली. वर्ष उलटून गेलं, ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मानेखाली हात धर तिच्या." आणि त्याचा हात उचलून स्वतःच नीट ठेवला. मग तिथेच जमिनीवर बसली, गुडघा दुखतोय हेही विसरली. तो रडत नव्हता, त्याचा चष्मा नुसता धुरकटत होता. मी उठून गॅलरीत गेलो. मी आजोबा होणार होतो, हे मी फक्त रेडिओला सांगितलं होतं. तू लहानपणी ज्यात शिरून बसायचीस तो कोट आणखी एकदा मैदानावर न्यायचाय, असं म्हणालो होतो. नंतर त्याने कधी विचारलं नाही, मी कधी काढलं नाही. त्या दिवशी गॅलरीत उभा राहून मी पहिल्यांदा त्या नातवंडासाठी रडलो. आवाज होऊ नये म्हणून कपडे वाळत घालायची काठी धरून ठेवली होती.

ते गेल्यावर आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, बाकी सगळं ठीक, पण बाकावर तो दुसरा पोरगा होता की, धावणारा. टाचणीच्या जागी बचावपटूच का? तो पहिल्यांदा हसला, पण ते हसणं फार टिकलं नाही. म्हणाला, "मला पुढे माणसं पाठवायला हातच उचलवत नाही हो आता. जे आहे ते जाईल असं वाटतं." मी आजही सांगेन, तो बदल चुकीचाच होता, त्या एका बदलामुळे आपण घसरलो आणि त्याला काढलं हेही योग्यच झालं. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा मुठी आवळून उभा राहीन. पण आता ती मूठ कुणावर उगारायची, ते मला कळत नाही.

त्याने मला बजावलंय की यातलं तुला काही कळवायचं नाही. तिला वाटेल मी त्या दिवसाची भरपाई दाखवतोय, असं म्हणाला. मी हो म्हटलं होतं. तो उद्या सकाळच्या गाडीने जातोय. लांब कुठेतरी एका शाळेत मुलांना शिकवायचं काम मिळालंय, लीग नाही, स्टँड नाही, काही नाही. आणि तू पाठवलेल्या घटस्फोटाच्या कागदांवर त्याने काल सही केली. आपल्या जेवणाच्या टेबलावर, सगळी पानं नीट वाचून, कुठेही न अडता. पेन बंद करून मला म्हणाला, तिला त्रास होणार नाही असं बघा. ते कागद या पाकिटातच आहेत, ठकू. नुसते कागद पोस्टात टाकायला मी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. तू त्याच्याकडे परत जावंस म्हणून मी हे लिहिलेलं नाही, सही तुझीही आहे आणि ती तू विचार करूनच केली असशील. पण पाकीट फोडून त्याची सही बघशील तेव्हा तुझ्या मनात गावाने सांगितलेला भित्रा माणूस असू नये, एवढ्यासाठी मी त्याला दिलेला शब्द मोडला. कागद आधी वाचलेस की पत्र, ते मला कळवू नकोस. सुट्टी लागली की ये. तुझ्या खोलीत स्वेटर आहे तिथेच आहे, आणि आई तुझ्याशी जे फोनवर बोलत नाही ते समोर बसून बोलायचं म्हणतेय. मलाही बोलायचं आहे, दोन वाक्यांपेक्षा जास्त.

तुझाच, शटरखालून कुणाचे तरी बूट दिसतायत म्हणून इथेच थांबणारा,
बाबा